रोबक: जाळून टाकण्यासाठी बांधलेलं एक छोटं इंग्रजी लढाऊ जहाज

खारे_वारे

आरमार म्हटलं की डोळ्यापुढे शंभर तोफांची तीन मजली धुडं येतात. आज ज्याबद्दल लिहितोय ते जहाज त्या पंगतीत बसणारं नाही. नाव रोबक. लांबी शंभर फुटांच्या आत, सुमारे तीनशे टनांचं. १६९० साली लंडनच्या वॅपिंग भागात एका खासगी गोदीत बांधलं आणि ११ वर्षांनी अटलांटिकच्या मधोमध बुडालं. मधल्या काळात ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं, न्यू गिनीला वळसा घालून आलं, आणि एका कप्तानाची नोकरी घेऊन गेलं. ही सफर त्या कप्तानाच्या, विल्यम डॅम्पियरच्या नावाने ओळखली जाते. मला मात्र जहाजाबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते त्या सफरीचं काय होणार हे गोदीतच ठरलं होतं.

१६८९ मध्ये विल्यम तिसऱ्याच्या इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध सुरू झालं. आरमाराला घाईने फायरशिप हव्या होत्या. फायरशिप म्हणजे शत्रूच्या ताफ्यावर पेटवून सोडायचं जहाज. आधी यासाठी जुनी व्यापारी जहाजं विकत घेत. १६९० मध्ये मात्र मुद्दाम याच कामासाठी नवी बांधून घेतली, रोबक त्यातलंच एक. म्हणजे ज्या दिवशी ते पाण्यात उतरलं त्या दिवशी त्याच्याकडून अपेक्षा एवढीच होती की एकदा नीट पेटावं.

आतली रचना बघण्यासारखी असते. वरच्या डेकखाली एक लांब 'आगीची खोली'. तिच्यात लाकडी पन्हळी, पन्हळींत डांबर, राळ, गंधक असलं काहीबाही माखलेल्या वेताच्या मोळ्या आणि ज्वालाग्राही पिंपं. साध्या लढाऊ जहाजात तोफखिडक्यांच्या झडपा वरून बिजागरीला लटकतात. फायरशिपमध्ये बिजागरी खालच्या बाजूला. दोर जळला की झडप आपोआप खाली पडते, उघडीच राहते, आणि आत वारा घुसतो. डेकमध्ये धुराड्यासारखी भोकं, म्हणजे ज्वाळा सरळ वर शिडांच्या दोरखंडांना भिडाव्यात. आडव्या डोलकाठ्यांच्या टोकांना आकडे, शत्रूच्या दोरांत अडकायला. आणि मागच्या बाजूला कुशीत एक दार. वात पेटवायची, त्या दारातून शेजारी बांधलेल्या होडीत उडी मारायची आणि जीव घेऊन वल्ही मारायची. दारू यात स्फोटासाठी नसतेच. स्फोट झाला तर जहाजाच्या चिंधड्या होतात आणि शत्रू वाचतो. काम असतं धगधगत चिकटून राहण्याचं.

रोबकवर ती वेळ आली नाही. युद्धात असल्या जहाजांनी काय करून दाखवलं ते १६९२ मध्ये शेरबुर्गला दिसलं. ब्लेझ नावाच्या इंग्रजी फायरशिपने फ्रेंचांचं नावाजलेलं सोलेय रोयाल जाळलं. रोबक मात्र तगलं. मग त्यावर तोफा चढवल्या, २६ पर्यंत, आणि ते लहान लढाऊ जहाजांच्या यादीत जाऊन बसलं. १६९७ ला रिसविकचा तह झाला, युद्ध संपलं, आणि आरमाराकडे अशी काम नसलेली जहाजं उरली.

त्याच वर्षी डॅम्पियरचं जगप्रदक्षिणेचं पुस्तक छापून आलं आणि गाजलं. हा माणूस आधीचा चाचा, म्हणजे समुद्री लुटारू. रॉयल सोसायटी या इंग्लंडच्या विज्ञानसंस्थेचा अध्यक्ष चार्ल्स मॉन्टेग्यू याला त्याने ते अर्पण केलं होतं. तिथून ओळखी वाढल्या आणि थेट नौदल खात्याचा प्रमुख ऑर्फर्डचा अर्ल याच्यापर्यंत पोचल्या. तुझी काही योजना आहे का असं विचारल्यावर याने सांगितलं, न्यू हॉलंड आणि त्याच्या पूर्वेचा मुलूख धुंडाळायचा. न्यू हॉलंड म्हणजे आज आपण ज्याला ऑस्ट्रेलिया म्हणतो ते. त्याचा पूर्व किनारा तेव्हा कुणा युरोपीय माणसाच्या नकाशावर नव्हता.

आधी जॉली प्राइझ नावाचं जहाज देऊ केलं. ते या कामाचं नाही म्हणून याने नाकारलं, मग रोबक मिळालं. ५० माणसं, पोरं धरून. तोफा १२ वर आणल्या, कारण २० महिन्यांचं अन्न कोंबायचं होतं. १४ जानेवारी १६९९ ला इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या डाउन्सच्या नांगरवाड्यातून निघाले.

आता हा जानेवारी महत्त्वाचा. मूळ बेत होता दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून पॅसिफिकमधून पूर्व किनाऱ्यावर जायचं. पण तयारीत उशीर झाला. टोकाशी पोचेपर्यंत तिकडचा हिवाळा लागला असता. म्हणून आफ्रिकेच्या बाजूने, म्हणजे जिकडचा किनारा डच लोकांना आधीच ठाऊक होता तिकडे, जायचं ठरलं. शरद ऋतूत निघते तर तो किनारा पुढे धुंडाळणाऱ्या कॅप्टन कुकच्या ७० वर्षं आधी तो पूर्व किनारा इंग्रजांच्या नकाशावर आला असता का? मला वाटतं शक्यता होती. फार नाही, पण होती.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. एका दमात सगळं टाकलं तर कुणी वाचत नाही.

मिरचीभजी

वाचतेय. ते मागच्या दाराचं डोळ्यासमोर आलं. वात लावणाऱ्याला पगार जास्त मिळत असणार!

शंकेखोर

लेख आवडला पण 'गोदीतच ठरलं होतं' हे जरा ताणलेलं वाटतंय. जहाज ११ वर्षं चाललं, जवळजवळ पृथ्वीची अर्धी फेरी मारून परत निघालं होतं. कप्तानाचा दोष कुठे गेला? डॅम्पियर चांगला निरीक्षक, वाईट कप्तान, हे त्याचे चाहतेसुद्धा मान्य करतात.

खारे_वारे

@मिरचीभजी, कामगिरी फत्ते झाली तर त्यांना बक्षीस असायचं. पकडले गेले तर मात्र फायरशिपच्या लोकांना दया मिळण्याची आशा कमीच.

@शंकेखोर, कप्तानावर येतोच. आधी जॉर्ज फिशर.

फिशर हा रोबकवरचा लेफ्टनंट, आरमारात वाढलेला. वरिष्ठ म्हणून बसवला एक माजी चाचा, ज्याने आरमाराचं जहाज कधी हाकलं नव्हतं. निघाल्यापासून दोघांचं जमेना. फिशर खलाशांसमोर याला चोर म्हणायचा, आणि डॅम्पियरला खात्री वाटू लागली की हा माणूस बंड करून जहाज पळवणार. मार्च १६९९ मध्ये, ब्राझीलला पोचायच्या आधी, एका बिअरच्या पिंपावरून भडका उडाला. डॅम्पियरने छडी उचलली आणि फिशरला झोडपलं. लेफ्टनंटला, खलाशांसमोर! मग बेड्या घालून कोठडीत. बाइयाला पोचल्यावर त्याला पोर्तुगीजांच्या तुरुंगात टाकून हा पुढे निघाला. तोवर म्हणे रात्री हत्यारं जवळ ठेवून मागच्या डेकवर झोपायचा.

फिशर लिस्बनमार्गे घरी पोचला तो तक्रार घेऊनच. रोबक तेव्हा हिंदी महासागरात कुठेतरी होतं. म्हणजे कप्तानाविरुद्धची फाइल त्याच्या आधी लंडनला उघडली गेली होती.

जुना_खलाशी

मर्चंट नेव्हीत होतो, आता निवृत्त. जहाजाच्या आकाराबद्दल थोडं.

पन्नास माणसं आणि २० महिन्यांची शिधासामग्री शंभर फुटांच्या आत. पाण्याची पिंपं, खारवलेलं मांस, बिस्किटं, वाटाणे, शिडाचं जादा कापड, जादा लाकूड. पाय ठेवायला जागा नसणार. अशा ठिकाणी दोन अधिकाऱ्यांचं वाकडं असेल तर ते सहन करणं किती कठीण असतं हे समुद्रावर न गेलेल्याला समजणार नाही. आमच्या काळी जहाजं याच्या कितीतरी पट मोठी, स्वतंत्र केबिन, तरी चीफ इंजिनिअर आणि चीफ ऑफिसर महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलत नसल्याचं पाहिलंय. जेवायच्या वेळा वेगळ्या करून घ्यायचे.

दुसरं म्हणजे ५० माणसांत पहारे, शिडं, पंप आणि किनाऱ्यावर जाणारी टोळी हे सगळं बसवायचं. आजारी पडले की संपलंच. खारे_वारे म्हणतात तसं जहाज महत्त्वाचं आहेच, पण माझ्या मते माणसांची संख्या त्याहून महत्त्वाची. डॅम्पियरला दोन जहाजं हवी होती ना? मिळालं एक.

पर्थकरीण

या धाग्यावर मला यावंच लागणार! मी पर्थला राहते. इथे रोबकचं नाव नकाशावर आहे. ब्रूमजवळ रोबक बे आहे, जिथे हजारो मैल उडून स्थलांतरित पक्षी येतात. पण ते नाव फिलिप पार्कर किंगने १८२१ मध्ये दिलं, डॅम्पियरच्या जहाजाची आठवण म्हणून. डॅम्पियरने स्वतः दिलेलं नाव म्हणजे शार्क बे. ऑगस्ट १६९९ मध्ये तो तिथे आठवडाभर होता. आम्ही कुटुंबासोबत गेलो होतो, डेनहॅमला राहिलो. पाणी इतकं उथळ आणि निळं की विश्वास बसत नाही, आणि जमीन इतकी कोरडी की तिथे गोडं पाणी शोधणाऱ्यांची दया येते. त्यांनी विहिरी खणल्या, काही मिळालं नाही.

गंमत म्हणजे पकडलेल्या एका शार्कच्या पोटात पाणघोड्याचं डोकं सापडलं असं त्याने लिहिलंय. पाणघोडा ऑस्ट्रेलियात कुठून येणार? तो ड्युगाँग होता, समुद्रगाय. शार्क बेमध्ये आजही त्यांचा मोठा कळप आहे. ज्याने ड्युगाँग कधी पाहिला नाही त्याने त्या दातांवरून काढलेला अंदाज तसा वाईट नाही.

वनस्पतीवाली

पर्थकरीण, पानाफुलांबद्दल लिही की! नाहीतर मीच लिहिते.

शार्क बे आणि पुढच्या बेटांवर डॅम्पियरने झाडांचे नमुने गोळा करून कागदात दाबून ठेवले. ऑस्ट्रेलियातून युरोपात पोचलेल्या आणि आजही टिकून असलेल्या वनस्पतींचा हा सगळ्यांत जुना संग्रह. चोवीसच्या आसपास नमुने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात आहेत. त्यात स्टर्ट्स डेझर्ट पी आहे, ते लालभडक फूल ज्याच्या मधोमध काळा डोळा असतो. एका फुलझाडांच्या प्रजातीला पुढे रॉबर्ट ब्राउनने डॅम्पिएरा हे नावही दिलं.

हे सगळं जॉन वुडवर्डच्या हाती गेलं, तिथून जॉन रे आणि प्लुकनेट या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे. कुकसोबत आलेल्या बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाच्या सात दशकं आधी! आणि जमवणारा कोण, तर शाळा अर्धवट सोडलेला माजी चाचा. माझ्या दृष्टीने रोबकने आणलेला खरा माल हाच.

शंकेखोर

फुलं सुंदर, पण त्याच सफरीत लाग्रांज बेला काय झालं तेही येऊ द्या. पाण्याचा ठावठिकाणा विचारायला म्हणून डॅम्पियरने तिथल्या एखाद्या माणसाला पकडायचा प्रयत्न केला. पाठलाग झाला, झटापट झाली, याच्या एका माणसाला भाला लागला आणि डॅम्पियरने गोळी झाडून एकाला जखमी केलं. तो काराजारी लोकांचा प्रदेश. हजारो वर्षं पाण्याची ठिकाणं सांभाळून राहिलेली माणसं, आणि हा त्यांना दोरीने बांधून पाणी दाखवा म्हणणार होता.

वर आधीच्या पुस्तकात या लोकांबद्दल त्याने जे हीन लिहिलं ते कुक आणि बँक्सनेही वाचलं होतं. तेव्हा कौतुक जरा बेताने.

खारे_वारे

@शंकेखोर, मान्य. डॅम्पियरने ती गोळी झाडल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय आणि नंतर खंतही व्यक्त केली आहे, पण त्याने जखमी माणसाला काय फरक पडणार.

पुढची हकीकत. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाण्याअभावी किनारा सोडला, तिमोरला गेले. तिथे डच एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या. कूपांगच्या डचांना वाटलं हे चाचे आहेत, जो संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. डिसेंबरात निघून १ जानेवारी १७०० ला न्यू गिनीचा किनारा दिसला. उत्तरेकडून वळसा घालत पूर्वेला गेले, आणि मार्चमध्ये लक्षात आलं की न्यू गिनीचाच भाग समजला जाणारा एक मोठा तुकडा वेगळं बेट आहे. मधून सामुद्रधुनी. तिला आज डॅम्पियरची सामुद्रधुनी म्हणतात, बेटाला त्याने न्यू ब्रिटन नाव दिलं. अठराव्या शतकातले नकाशे काढून बघा, ही दुरुस्ती तिथून पुढे आली.

इथून दक्षिणेला वळलं असतं तर ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा. किती जवळ आला होता बघा! का नाही वळला? त्याने कारणं दिली आहेत आणि ती सगळी जहाजाची आहेत. तळाला शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटून जहाज जड झालेलं. तळ साफ करायचा तर ते किनाऱ्यावर ओढून कुशीवर कलतं करावं लागतं, तेवढे हात नाहीत आणि अनोळखी किनाऱ्यावर त्या अवस्थेत सापडायची भीती. लहान होडी कुजलेली, तिची दुरुस्ती होईना. होडीशिवाय अनोळखी खडकाळ किनाऱ्याजवळ जाणं म्हणजे आंधळ्याने काठीही टाकून देणं. म्हणून परत फिरला.

सफरीचं काय होणार ते गोदीतच ठरलं म्हणतो ते यासाठी. हलक्या बांधणीचं, थोड्या आयुष्याचं जहाज उष्ण समुद्रात वर्षभर फिरलं की असंच होणार.

जुना_खलाशी

तळाबद्दल एक भर. त्या वेळी लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याचा इलाज कुणाला नीट सापडला नव्हता. बाहेरून पातळ फळ्यांचं एक जादा अस्तर ठोकायचं, मधे डांबर आणि केस भरायचे, म्हणजे किडा आधी ते खाईल. १६७० च्या दशकात इंग्रजांनी फिनिक्स नावाच्या जहाजाच्या तळाला शिशाचा पत्रा लावून पाहिला. पत्रा छान, पण सुकाणूचे लोखंडी खिळे गंजून खलास व्हायला लागले. तांब्याचं अस्तर आलं ते १७६१ मध्ये अलार्म जहाजावर, आणि तिथेही सुरुवातीला लोखंडाने तोच घोळ घातला. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो हे तेव्हा समजत नव्हतं.

म्हणजे रोबकला चांगलं अस्तर मिळालं नाही असं कुणी म्हणू नका. चांगलं अस्तर जगात कुणाकडेच नव्हतं.

टिकोजीराव

भारताशी काही संबंध? की नुसतंच परदेशी कौतुक 😀

खारे_वारे

रोबक भारतात आलं नाही. डॅम्पियर मात्र १६९० मध्ये, म्हणजे रोबक बांधलं गेलं त्याच वर्षी, मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये होता. तिथेच अंगभर गोंदलेला जिओली नावाचा बेटवासी गुलाम त्याला भेटला, आणि पुढे त्या गुलामात डॅम्पियरला अर्धा वाटा मिळाला. त्याला इंग्लंडला नेऊन दाखवायचा बेत होता. नेलं, मग पैशाच्या अडचणीत वाटा विकला, आणि तो माणूस ऑक्सफर्डला देवीने मेला. ही गोष्ट मला त्या काळाबद्दल फार काही सांगून जाते, पण धाग्याचा विषय वेगळा आहे.

भारताशी दुसरा दुवा शेवटी येतोय, ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज कँटरबरी. थांबा.

पर्थकरीण

जिओलीबद्दल माहीत नव्हतं. वाईट वाटलं वाचून.

नकाशेवाला

एक तुलना करून पाहा. त्याच काळात आरमाराने आणखी एक लहानसं जहाज शास्त्रीय कामाला दिलं होतं, पॅरामोर. रोबकपेक्षाही लहान, पन्नासेक फुटांचं, १६९४ मध्ये डेप्टफर्डला बांधलेलं. कप्तान कोण, तर एडमंड हॅली, धूमकेतूवाला! तोही आरमाराचा नव्हता. त्याचा लेफ्टनंट एडवर्ड हॅरिसन, त्यानेही रेखांशावर पुस्तक लिहिलं होतं आणि हॅलीने ते नावाजलं नाही याचा राग मनात धरून होता. १६९८ च्या अखेरीस निघाले, १६९९ मध्ये वाद इतका पेटला की हॅली जहाज घेऊन परत इंग्लंडला आला. लष्करी न्यायालयाने हॅरिसनला थोडी समज देऊन सोडलं. हॅलीने काय केलं, तर त्याला घरी ठेवून सप्टेंबरात पुन्हा निघाला. आणि १७०१ मध्ये अटलांटिकमध्ये होकायंत्र कुठे किती अंश वळतं याचा नकाशा छापला.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच खात्याकडून, बाहेरचे दोन कप्तान, दोन छोटी जहाजं, दोन चिडलेले लेफ्टनंट. एकाने छडी काढली, एकाने जहाज वळवलं. शंकेखोर, तुमचा मुद्दा इथे बळकट होतो असं मला वाटतं.

शंकेखोर

आभारी आहे! नेमकं हेच म्हणायचं होतं.

खारे_वारे

पॅरामोरची आठवण काढलीत ते फार बरं झालं. पण हॅली अटलांटिकमध्ये होता, परतायला काही आठवडे पुरत. शिवाय तो रॉयल सोसायटीचा नावाजलेला माणूस, त्याचा शब्द खात्यात चालायचा. डॅम्पियर परत आला असता तर त्याला दुसरं जहाज कोण देणार होतं? छडीचं समर्थन करत नाही. पण दोघांपुढे रस्ते सारखे नव्हते.

आता शेवट.

न्यू गिनीहून मे महिन्यात पुन्हा तिमोर, मग जुलैच्या सुरुवातीला बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता. तिथे तीन महिन्यांहून जास्त थांबले, डागडुजी केली, तळ घासला. ऑक्टोबरात निघून डिसेंबरअखेर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला, फेब्रुवारी १७०१ च्या सुरुवातीला सेंट हेलेनाला. तिथून असेन्शन बेट. २२ फेब्रुवारीला बेटाजवळ असताना नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या भागात पाणी शिरू लागलं.

गळती नेमकी अशा जागी की सरळ हात पोचेना. आतल्या भिंती तोडून वाट केली. सुताराच्या मदतनिसाने फळीपर्यंत पोचण्यासाठी आधाराचं लाकूड कापलं, तर आतलं लाकूडच कुजलेलं निघालं आणि पाण्याचा लोंढा वाढला. हाताला येईल ते कोंबलं. पंप रात्रंदिवस चालू, सगळे, कप्तानासकट, पाळीने. उपयोग होईना. मग बेटाच्या वायव्येच्या उपसागरात किनाऱ्याजवळ आणून नांगर टाकला, तराफा बांधला, माणसांच्या पेट्या आणि अंथरुणं उतरवली, शिडाचं कापड तंबूसाठी काढून घेतलं. बुडालं ते हळूहळू, उथळ पाण्यात. माणूस गेला नाही. डॅम्पियरची बरीच पुस्तकं आणि कागद गेले. वनस्पतींचे नमुने वाचले, कसे ते देव जाणे.

असेन्शन तेव्हा निर्जन. पावसाचा पत्ता नाही, काळा खडक आणि राख. पण कासवं अंडी घालायला येण्याचा हंगाम होता, रानबकऱ्या होत्या, जमिनीवरचे खेकडे होते. आणि डोंगराच्या पलीकडे पाण्याचा झरा सापडला. पाच आठवडे त्यावर निघाले. ३ एप्रिलला चार जहाजं नांगरली: आरमाराची अँग्लसी, हेस्टिंग्ज, लिझर्ड, आणि कंपनीचं कँटरबरी. टिकोजीराव, तुमचा भारत इथे आला! लढाऊ जहाजं बार्बाडोसकडे निघालेली होती म्हणून डॅम्पियर कँटरबरीवर चढून घरी गेला.

मिरचीभजी

शार्क बेला आठवडाभर खणून पाणी नाही, आणि असेन्शनच्या राखेत झरा. नशीब म्हणावं का काय!

नकाशेवाला

त्यात बकऱ्यांचा वाटा असणार. रानबकरी जिथे जगते तिथे पाणी असतंच.

शंकेखोर

मग न्यायालयात काय झालं ते सांगा. तिथेच कळेल जहाज दोषी की माणूस.

खारे_वारे

जहाज बुडाल्याबद्दल त्याला दोषी धरलं नाही. म्हणजे ते म्हातारपणाने गेलं हे खात्यालाही पटलं.

दुसरा खटला जून १७०२ मध्ये, रॉयल सॉव्हरिनवर. अध्यक्ष अॅडमिरल रूक. आरोपांत फिशरला मारहाण आणि कैद, आणि नॉरवुड नावाच्या तांडेलाचा कोठडीत झालेला मृत्यू. मृत्यूच्या आरोपातून सुटला. फिशरच्या बाबतीत क्रूरपणा सिद्ध झाला. शिक्षा: सफरीचा सगळा पगार जप्त, आणि राणीच्या कोणत्याही जहाजाचा कप्तान व्हायला हा माणूस लायक नाही असा शेरा.

शेरा मारून वर्ष होत नाही तोच एप्रिल १७०३ मध्ये याला राणी अॅनसमोर नेऊन सादर केलं, आणि खासगी युद्धजहाजांचा म्होरक्या करून सेंट जॉर्जवर पॅसिफिकला पाठवलं. युद्ध पुन्हा सुरू झालं होतं ना. सोबतचं सिंक पोर्ट्स इतकं पोखरलेलं होतं की अलेक्झांडर सेलकर्क नावाचा खलाशी म्हणाला, यातून जाण्यापेक्षा मला इथेच उतरवा. उतरवलं, हुआन फर्नांडेस बेटावर, १७०४ मध्ये. जहाज पुढे खरंच बुडालं. सेलकर्कला १७०९ मध्ये ज्या सफरीने सोडवलं तिचा वाटाड्या होता डॅम्पियर.

जुना_खलाशी

सेलकर्कसारखं लाकूड ओळखणारा माणूस रोबकवर असता तर त्याने बटाव्हियालाच उतरवून घेतलं असतं.

शंकेखोर, तुमच्या प्रश्नावर माझं मत. बटाव्हियाला तीन महिने होते. नाळेकडच्या आतल्या लाकडापर्यंत जाऊन तपासणी करायला तिथे वेळ होता आणि गोदीही होती. ते झालं नाही. त्यात चूक कप्तानाची की सुताराची हे मी सांगणार नाही, पण जहाजाचं वय सगळ्यांना माहीत होतं. आधी माहीत असलेलं दुखणं तपासायचं नाही आणि नंतर वयावर ढकलायचं, हे आजही चालतं. एकदा आमच्या जहाजाचा सर्व्हे बाहेरून रंग बघून पास झाला होता. नाव घेत नाही.

पर्थकरीण

अवशेषांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २००१ मध्ये आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या चमूने असेन्शनच्या क्लॅरेन्स बेमध्ये रोबक शोधलं. खोल नाहीच, किनाऱ्याजवळच. वाळू सरकते, कधी उघडं पडतं कधी झाकलं जातं, त्यामुळे इतकी वर्षं दिसलं नाही. ब्राँझची घंटा मिळाली, त्यावर इंग्रज सरकारी मालाची बाणाची खूण आहे. आणि महाकाय शिंपल्याचं एक कवच. तो शिंपला अटलांटिकमध्ये होतच नाही, हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला. म्हणजे कुणीतरी पूर्वेकडून उचलून आणलेला.

वनस्पतीवाली

कवच! म्हणजे फुलं वाचली आणि शिंपला राहिला. जड होता म्हणून टाकला असेल.

टिकोजीराव

घंटा कुठे आहे आता? परत ऑक्सफर्डला नेली की काय, फुलांशेजारी?

पर्थकरीण

नाही हो, ती ऑक्सफर्डला कशाला. इंग्रज आरमाराचं जहाज आणि बेटही ब्रिटिशांचं, म्हणजे मालकीचा प्रश्नच नाही. आमच्या लोकांनी फक्त शोधून दिलं.

नकाशेवाला

खारे_वारे, हॅलीच्या पॅरामोरवर वेगळा धागा काढू का? त्यात दक्षिण अटलांटिकमधल्या हिमनगांचा भाग फार भारी आहे. त्याने ते आधी बेटं समजून नकाशात टाकायला घेतले होते.

खारे_वारे

काढाच. हॅरिसनच्या पुस्तकापासून सुरू करा, भांडणाचं मूळ तिथे आहे.

शंकेखोर

आणि या वेळी जहाजाला दोष देता येणार नाही, पॅरामोर सुखरूप परत आलं होतं 😀